गोष्टीचा गेम तपासायला आलाय? मग तो असा खेळा

ओळखीच्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवलेली असते. खाली एक ओळ: "विज्ञानकथेचा गेम लिहिलाय, खेळून सांग ना." चार दिवसांनी उत्तर जातं, "भारी जमलंय, शेवट फक्त जरा लांबलाय." या उत्तराचं लेखकाने करायचं काय? गेमला शेवटच सात आहेत, त्यातला कुठला? लांबला म्हणजे वाचायला फार होतं, की निवडायला काही उरलंच नव्हतं?

प्लेटेस्टरला, म्हणजे गेम बाहेर पडण्याआधी तो खेळून तपासणाऱ्याला, परीक्षण लिहायचं नसतं. कुठल्या जागी, काय काय निवडून आल्यावर, पडद्यावर आणि तुमच्या डोक्यात काय झालं, हे नेमकं कळवायचं असतं. दुरुस्ती कशी करायची ते लेखक बघेल. खालची पद्धत ट्वाइन, इंक किंवा चॉइसस्क्रिप्टमध्ये बनवलेल्या, पर्याय निवडत पुढे जाणाऱ्या गेमसाठी आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक गेम धरू. साल २१८७. मुंबईभोवती समुद्रभिंत आहे. वरळीच्या लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशनवर नायिकेची रात्रपाळी आहे, पाऊस कोसळतोय, आणि तिचा भाऊ मंगळाभोवती फिरणाऱ्या स्थानकावर अडकलाय. पंप कधी चालवायचे, वीज कुणाला द्यायची आणि भावाला काय कळवायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं.

सुरू करण्याआधी

लेखकाकडून बिल्डचा, म्हणजे गेमच्या त्या आवृत्तीचा, नंबर मागून घ्या. तो दिसत नसेल तर फाइलच्या नावात तारीख घालायला सांगा. नाहीतर तुम्ही सोमवारच्या फाइलमधले बग कळवत बसता आणि त्याने ते मंगळवारीच काढलेले असतात. कुठले भाग अजून लिहायचे आहेत, कुठले बग आधीच माहीत आहेत, हेही विचारा. गेम कच्चा असेल तर शुद्धलेखनाच्या चुका शोधण्यात वेळ घालवू नका, कारण ती पानंच्या पानं उद्या उडणार असतात. गेम पूर्ण होत आला असेल तर मात्र एकेक ओळ वाचा.

लेखकाला काही खास शंका असेल तर ती वेगळी लिहून मागा आणि पहिली फेरी होईपर्यंत उघडू नका. "मधला भाग रटाळ होतो का?" हे वाचून खेळायला बसलात की मधला भाग रटाळच वाटतो.

फाइल चॅटमधून थेट उघडू नका. आधी फोनमध्ये किंवा लॅपटॉपवर उतरवून घ्या, मग नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडा. चॅटच्या आतल्या प्रीव्ह्यूमध्ये सेव्ह टिकेल याची खात्री नसते, आणि इनकॉग्निटो खिडकीत तर ती बंद केली की सगळं पुसलं जातं. लेखकाने इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटवर पासवर्ड लावून गेम ठेवला असेल तर उत्तम, तिथे सगळ्यांना तेच बिल्ड मिळतं. लिंक किंवा फाइल पुढे कुणाला पाठवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

नोंदी दुसऱ्या उपकरणावर किंवा सरळ कागदावर घ्या. गेम आणि नोंदी एकाच फोनवर ठेवल्या की दर वेळी ॲप बदलावं लागतं आणि वाचनाची लय मोडते. मग रटाळपणा गेमचा की तुमच्या उड्यांचा, हे कळत नाही.

लेखक जवळचा मित्र असेल तर आपण नकळत सौम्य होतो. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्याच धर्तीवर, लेखकाला शक्य असेल तर निदान दोन टेस्टर असे असावेत की ज्यांना गेम कुणाचा आहे हे माहीत नाही. फाइल तिसऱ्याच कुणाच्या हातून पाठवली की काम होतं.

पहिली फेरी: फक्त खेळा

पहिल्यांदा खेळणं एकदाच होतं. ती फेरी बग शोधण्यात घालवू नका. मागे जाऊन दुसरा पर्याय बघायचा मोह होईल, तो आवरा. तुम्हाला स्वतःला जे करावंसं वाटतं तेच निवडा.

कागदावर वेळ, प्रसंगाचे दोन शब्द आणि एक खूण, इतकंच लिहायचं. खुणा चार पुरतात: कळलं नाही तर प्रश्नचिन्ह, कंटाळा आला तर "कं", मजा आली तर उद्गारचिन्ह, आणि पर्याय दाबल्यावर भलतंच झालं तर फुली. वाक्यं नंतर लिहा. फोन खाली कधी ठेवला, ती वेळ मात्र न चुकता टिपा. लेखकाला या नोंदीसारखी उपयोगी नोंद क्वचित मिळते. "११.४०ला थांबलो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडावंसं वाटलं नाही" हे वाचून त्याला जे कळतं ते पाच पानी अभिप्रायातून कळत नाही.

मोठ्या निर्णयाच्या जागी, पर्याय दाबण्याआधी, काय होईल असं वाटतं ते चार शब्दांत लिहा: "वीज रुग्णालयाला, पंप बंद पडतील." मग दाबा. अंदाज बरोबर आला की चूक, याला महत्त्व नाही. अंदाज करताच आला नाही, तर ते महत्त्वाचं. म्हणजे पर्याय आंधळा होता.

शेवट आला की लगेच, गेम पुन्हा न उघडता, दोन गोष्टी लिहून काढा. एक, गोष्ट पाच-सहा ओळींत. दोन, गेमने शिकवलेले नवे शब्द आणि त्यांचे अर्थ. यात चुका होतील. त्या सुधारू नका, तशाच पाठवा. विज्ञानकथेत लेखक पहिल्याच पडद्यावर "क्षेत्रकवच", "द्विस्तरी परवाना", "निळी पाळी" असे पाच-सहा शब्द टाकतो आणि त्याला ते इतके सवयीचे झालेले असतात की वाचक अडखळतोय हे त्याला दिसत नाही. तुमच्या यादीत त्यातले दोनच उरले असतील आणि त्यांतल्या एकाचा अर्थ उलटा असेल, तर काय छाटायचं ते त्याला तिथेच कळतं.

विज्ञान कितपत तपासायचं

इथे टेस्टर दोन टोकं गाठतात. एक जण "कल्पनाच आहे ना" म्हणून काहीही सोडून देतो, दुसरा प्रत्येक ओळीवर भौतिकशास्त्राचा तास घेतो. सोपा निकष असा: गेमने स्वतःचा घातलेला नियम गेमच मोडत असेल तर दर वेळी कळवा. खऱ्या विज्ञानाशी विसंगत असेल आणि लेखकाच्या लक्षात आलेलं दिसत नसेल, तर एकदा, आकड्यासह कळवा. लेखकाने उघडउघड सूट घेतली असेल, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगवान यान वगैरे, तर गप्प बसा.

आपल्या गेमवर हे लावून बघू. भाऊ मंगळाभोवती आहे. पृथ्वी आणि मंगळ यांतलं अंतर बदलत राहतं, त्यामुळे संदेश एका बाजूला पोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. प्रश्न विचारून उत्तर यायचं तर ६ ते ४४ मिनिटं. गेममध्ये दोघं फोनवर बोलल्यासारखे बोलत असतील तर ही नोंद नक्की करा, पण सोबत हेही लिहा की या विलंबातूनच खेळाची मजा येऊ शकली असती की नाही. नायिकेने मदत मागितली आणि उत्तर यायच्या आत पंपाचा निर्णय घ्यावा लागला, तर तोच प्रसंग कितीतरी ताणला जातो. एवढं सुचवणं चालतं. पूर्ण प्रसंग लिहून पाठवणं चालत नाही.

तोच भाऊ कक्षेतल्या स्थानकावर चहाचा कप "टेबलावर ठेवतो". कक्षेत वस्तू तरंगतात. स्थानक स्वतःभोवती फिरतं असं आधी सांगितलं असेल तर ठीक, नसेल तर टिपा. मंगळाच्या जमिनीवर असता तर कप ठेवता आला असता, तिथलं गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. बंद खोलीत अडकल्याचा प्रसंग असेल तर आणखी एक नेहमीची चूक बघा: हवा संपत आली म्हणून लेखक ऑक्सिजनचा काटा खाली आणतो, पण माणूस आधी हैराण होतो तो साठत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडने. १९७०मध्ये अपोलो १३च्या अंतराळवीरांना हाच वायू शोषणारे डबे जुगाड करून बसवावे लागले होते.

मुंबईच्या टेस्टरची खरी कमाई मात्र समुद्राच्या बाजूला आहे. गेममध्ये संध्याकाळी सहाला भरती आणि मध्यरात्री पुन्हा भरती असेल तर घड्याळ चुकलंय. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. दुसरा दिवस दाखवताना लेखक हमखास तीच वेळ ठेवतो. त्याहून मोठी चूक अशी: "पाणी वाढतंय, समुद्राकडचे दरवाजे उघडा" असा पर्याय आहे, तो भरतीच्या वेळी निवडला, आणि शहरातलं पाणी ओसरलं. प्रत्यक्षात समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर असताना दरवाजे उघडले तर समुद्रच आत येईल. म्हणून तर पंप लागतात, आणि म्हणूनच पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधी जाहीर करते. हा बग कळवताना निव्वळ "अवैज्ञानिक" लिहू नका. त्याने खेळणाऱ्याचं काय नुकसान होतं ते लिहा: ज्याला भरतीचं गणित कळतं तो विचार करून पंप निवडतो आणि गेम त्यालाच शिक्षा देतो.

विज्ञानाचं स्पष्टीकरण किती लांब आहे तेही बघा. मराठी विज्ञानकथेत एखादा प्राध्यापक दोन पानं समजावून सांगतो आणि वाचक ते आनंदाने वाचतो. गेममध्ये खेळणाऱ्याचं बोट पर्यायावर असतं. आमच्या मते फोनच्या दोन पडद्यांपेक्षा जास्त सरकवावं लागलं आणि मध्ये निवडायला काहीच आलं नाही, तर "कं" लिहायला हरकत नाही.

दुसरी फेरी: सांधे तपासा

दहा वेळा दोन-दोन पर्याय दिले आणि सगळ्या वाटा वेगळ्या ठेवल्या तर १,०२४ वाटा होतात. इतकं कुणी लिहीत नाही. म्हणून लेखक वाटा थोडा वेळ वेगळ्या चालवतो, पुन्हा एकत्र आणतो आणि आधी काय झालं ते व्हेरिएबलमध्ये, म्हणजे गेमने लक्षात ठेवायच्या नोंदीत, ठेवतो. बहुतेक बग या एकत्र येण्याच्या सांध्यांवर असतात, कारण तिथला मजकूर लिहिताना लेखकाच्या डोक्यात एकच वाट असते.

तेव्हा दुसऱ्या फेरीपासून कागदावर तक्ता आखा. प्रत्येक सांध्यावर पाच प्रश्न: इथे कोण हजर आहे, कोण मेलंय किंवा निघून गेलंय, पिशवीत काय आहे, नायिकेला काय माहीत आहे, किती वाजलेत. मग मजकुराशी ताडून बघा. "काय माहीत आहे" हा रकाना सगळ्यात जास्त पकडतो. भावाचा दुसरा संदेश तुम्ही ऐकलाच नव्हता, तरी नायिका म्हणते, "तू सांगितलेली गळती मी विसरले नाहीये."

फेऱ्या हट्टाने खेळा. एकदा कायम पहिला पर्याय, एकदा कायम शेवटचा. एकदा सगळ्यांशी उर्मट वागा. एकदा कुठलीच वस्तू उचलू नका, एकदा दिसेल ती उचला. एकदा मुख्य कामगिरीलाच नकार द्या, कारण "मी पाळी सोडून घरी जाते" हा पर्याय लेखकाने गंमत म्हणून दिलेला असतो आणि त्याच्या पुढचं पान बरेचदा अर्धवट असतं.

आकड्यांच्या सीमा तपासा. वीज २० पेक्षा जास्त असेल तर एक प्रसंग, २० पेक्षा कमी असेल तर दुसरा. बरोबर २० असेल तर? तिथे कोरं पान येण्याची शक्यता दाट असते. शून्याच्या खाली जाता येतं का तेही बघा.

चॉइसस्क्रिप्टमधला एक प्रकार मात्र बग म्हणून कळवू नका. तिथे टक्क्यांनी वाढ दिली की आकडा शंभरपर्यंत उरलेल्या अंतराच्या तेवढ्या टक्क्यांनी वाढतो, आणि घट दिली की आहे त्या आकड्याच्या तेवढ्या टक्क्यांनी घटतो. विश्वास ५० असताना २० टक्के वाढवला की ६० होतो, आणि लगेच २० टक्के घटवला की ४८ होतो, ५० नाही. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, म्हणजे आकडा शंभराच्या वर किंवा शून्याच्या खाली जात नाही.

ट्वाइनच्या गेममध्ये एकाच पानावर परत येऊन बघा. पान उघडताच "सिलिंडर मिळाला" असं असेल तर दर वेळी नवा सिलिंडर मिळतो का? लिंक दोनदा पटापट दाबा, वस्तू दुप्पट होते का? इंकच्या गेममध्ये उलट होतं. तिथे एका प्रकारचे पर्याय एकदा वापरले की नाहीसे होतात. नियंत्रणकक्षात तीनदा-चारदा परत गेलात, सगळं विचारून संपवलंत, आणि आता पडद्यावर पर्यायच उरला नाही, तर गोष्ट तिथेच अडकली. गोल फिरून येता येईल अशा प्रत्येक खोलीत हे करून बघा.

चॉइसस्क्रिप्टमध्ये क्विकटेस्ट आणि रँडमटेस्ट ही गेम आपोआप तपासणारी यंत्रं आहेत, ती लेखकाने स्वतः आधी चालवायला हवीत. ती अडकलेल्या वाटा शोधतात. आपल्या गेममधले नायिकेचे सहकारी साळवी घरी गेलेत आणि तरी बोलतायत, हे त्यांना कळत नाही. त्यासाठी माणूस लागतो.

सेव्हची परीक्षा शेवटी. मध्यावर सेव्ह करा, ब्राउझर पूर्ण बंद करा, पुन्हा उघडून लोड करा, तक्त्यातले पाचही रकाने जुळतात का बघा. मग नवं बिल्ड आलं की त्यात जुना सेव्ह टाकून बघा. नव्या बिल्डमध्ये एखादं व्हेरिएबल वाढलेलं असेल तर जुन्या सेव्हला ते माहीत नसतं आणि पुढे कुठेतरी लाल अक्षरांत चूक दिसते.

मराठी गेमच्या खास अडचणी

पुढचे बग इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला सापडत नाहीत, म्हणून इथे वेळ द्या.

खेळणाऱ्याचं लिंग विचारलेलं असेल तर दोन्ही निवडून खेळा. "तू पोचलास", "तू पोचलीस" हे लेखक सांभाळतो. "तुम्ही" वापरलं की तो निर्धास्त होतो, कारण "तुम्ही पोचलात" दोघांना चालतं. पण "तुम्ही उभे आहात", "तुम्ही एकटेच उरला आहात" अशा जागी बाईला पुरुष केलेलं सापडतं. विशेषणं आणि "आहात"ने संपणारी वाक्यं डोळ्यांत तेल घालून वाचा.

ठिकाणाचं नाव व्हेरिएबलमधून येत असेल तर वरळी निवडून काही कळणार नाही, "वरळीहून" बरोबरच दिसतं. कुर्ला किंवा ठाणे निवडा. "कुर्लाहून", "ठाणेला" असं आलं की सापडला बग. तसंच संख्येचं: "१ टाक्या उरल्या", "० टाकी उरली". एक, शून्य आणि अनेक, तिन्ही करून बघा.

कुलपाचा कोड टाइप करायचा असेल तर आधी देवनागरी अंकांत टाइप करा, मग इंग्रजी अंकांत. ब्राउझरमध्ये गेम चालवणारी जावास्क्रिप्ट ही भाषा देवनागरी अंकांना आपोआप संख्या मानत नाही, त्यामुळे बरोबर कोडही चूक ठरतो. शब्द टाइप करायचा असेल तर "ॲ" आणि "ऱ्य" असलेले शब्द दोन वेगळ्या कीबोर्डांवरून टाकून बघा. दिसायला तेच अक्षर आतून दोन प्रकारे लिहिलेलं असू शकतं, आणि गेम त्यातला एकच ओळखतो. टाइप करून आज्ञा द्यायचा गेम असेल तर "दार उघड", "दार उघडा", "दरवाजा उघड" तिन्ही द्या.

मजकूर एकेक अक्षर उमटत येत असेल, विज्ञानकथेत संगणकाचा पडदा दाखवायला हे फार आवडतं, तर तो सावकाश बघा. "स्थानक" हा शब्द आधी "स", मग "स्", मग "स्थ" असा उमटतो, आणि कधी सुटी मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं असेल तर शिरोरेखा तुटते. ओळी फार जवळ असतील तर वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. शेवटच्या दोन्हींसाठी स्क्रीनशॉट पुरतो, उमटणाऱ्या मजकुरासाठी मात्र स्क्रीन रेकॉर्डिंग करा.

लोकलमध्येही खेळा

मुंबईत असा गेम बहुतेक जण प्रवासात, उभ्याने, एका हाताने खेळणार. म्हणून एक फेरी घरी न करता गाडीत करा. अंगठा सगळ्या पर्यायांपर्यंत पोचतो का, दोन पर्याय इतके चिकटून आहेत का की धक्का लागला की दुसराच दाबला जातो? फोन आला आणि परत आलात तर गेम तिथेच आहे का? भुयारी मेट्रोत रेंज गेल्यावर चित्रं किंवा फाँट गायब होतात का? प्लॅटफॉर्मवर उन्हात काळ्या पार्श्वभूमीवरची राखाडी अक्षरं वाचता येतात का? वेळेची मर्यादा असलेला पर्याय असेल तर तो गर्दीतच तपासा. दहा सेकंदांत चार लांब ओळी वाचून निवडणं शांत खोलीत जमतं, विरार लोकलमध्ये नाही.

बग असा लिहा

एका नोंदीत एकच बग. वर तीनपैकी एक शब्द: अडलं, चुकलं किंवा खटकलं. अडलं म्हणजे पुढे जाताच येत नाही. चुकलं म्हणजे पुढे जाता येतं पण गोष्ट खोटी पडते. खटकलं म्हणजे ऱ्हस्वदीर्घापासून चवीपर्यंत बाकी सगळं. लेखक याच क्रमाने कामाला लागतो. नमुना:

चुकलं. बिल्ड ०.४.२, अँड्रॉइड, क्रोम.
जागा: पंपघराचा जिना उतरल्यावर, वीजवाटपाचा प्रसंग.
आधी निवडलेलं: साळवींना घरी पाठवलं, सुटी बॅटरी उचलली नाही, भावाचा दुसरा संदेश ऐकला.
अपेक्षा: पंपघरात नायिका एकटी.
झालं असं: साळवी म्हणतात, "मॅडम, बॅटरी द्या इकडे." खाली "बॅटरी द्या" हा पर्याय येतो. तो दाबल्यावर पिशवीत उणे १ बॅटरी.
पुन्हा होतं का: दर वेळी. साळवींना थांबवून घेतलं तर होत नाही.
सोबत: स्क्रीनशॉट आणि सेव्ह फाइल.

शेवटून दुसरी ओळ आळसाने गाळू नका. "कधी होत नाही" हे कळलं की लेखकाचं शोधायचं काम निम्म्यावर येतं.

गोष्टीबद्दल बोलताना

"भाऊ सपाट वाटतो, त्याचं बालपण दाखव" यात निदान आणि औषध दोन्ही तुमचं आहे, आणि दोन्ही चुकलेलं असू शकतं. त्याऐवजी: "भावाचा तिसरा संदेश मी न वाचताच पुढे गेले. आधीच्या दोन्हींत तो फक्त आकडे सांगतो, म्हणून यात काही कामाचं नसेल असं वाटलं." आता लेखक आकडे कमी करेल, संदेश तोडेल किंवा तिसऱ्या संदेशाची सुरुवात बदलेल. ते त्याचं त्याने ठरवावं.

पर्यायांच्या शब्दांवर वेगळी नजर ठेवा. "शांतपणे नकार द्या" दाबलं आणि नायिका अधिकाऱ्यावर ओरडली, तर खेळणाऱ्याचा गेमवरचा भरवसा उडतो. पुढचा प्रत्येक पर्याय तो बिचकत दाबतो. अशा जागी पर्यायातले शब्द आणि नंतरचं पहिलं वाक्य, दोन्ही जसंच्या तसं उतरवून पाठवा.

आवडलेल्या जागाही इतक्याच नेमक्या सांगा. हे गोड बोलण्यासाठी नाही. लेखक पुढच्या बिल्डमध्ये छाटायला बसतो आणि कुणी काही बोललं नाही म्हणून चांगला प्रसंगच उडवतो. "भाऊ विचारतो की वरळीला पाऊस कसा वाजतो, तिथे थांबलो आणि परत वाचलं" एवढं पुरे.

चुकलं आणि खटकलं ते लेखी द्या, "अडलं" लगेच कळवा, आणि मोठा नापसंतीचा मुद्दा असेल तर फोन करा. लेखक वयाने मोठा असेल तर आपल्याकडे लोक "काका, मस्तच" म्हणून मोकळे होतात. तिथे वरचा नमुना उपयोगी पडतो. बिल्ड, जागा, अपेक्षा, झालं असं, या रकान्यांत उद्धटपणा करायला जागाच नसते.

लेखक समोर बसून तुमचा खेळ बघणार असेल तर त्याला एकच अट घाला: बोलायचं नाही. तुम्ही अडलात तरी नाही. तुम्ही मात्र मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, "हे काय आहे, बरं, मी बहुतेक खाली जाते." नंतरच्या गप्पांत त्याने "आवडलं का?" विचारलं तर उत्तर टाळा आणि तुमचा वेळांचा कागद पुढे करा.

नवं बिल्ड आल्यावर

आधी तुमच्याच जुन्या नोंदी घेऊन बसा आणि प्रत्येक बग त्याच पायऱ्यांनी पुन्हा करून बघा. गेला असेल तर "गेला, ०.४.३" असं लिहा. मग त्या जागेच्या आधीचा आणि नंतरचा प्रसंग खेळा, कारण साळवींना पंपघरातून काढताना लेखकाने एखादी अट अशी लावलेली असते की आता ते थांबवून घेतलं तरी येत नाहीत. पूर्ण नव्याने वाचणारा डोळा तुमच्याकडे आता नाही. त्यामुळे "आता सुरुवात कळते का?" असं लेखकाने विचारलं तर सांगा की हे मला विचारू नको, ज्याने अजून गेम उघडलेला नाही अशा कुणालातरी पाठव. म्हणूनच लेखकाने सगळे टेस्टर पहिल्याच बिल्डवर खर्च करू नयेत. दोन-तीन जण सुरुवातीला, दोन-तीन मधल्या दुरुस्त्यांनंतर, आणि निदान दोघं शेवटच्या बिल्डसाठी राखून ठेवावेत.